काकवी

आमच्या घरात दिवाळीची पहिली खूण म्हणजे बिघडलेला पाक. रव्याच्या लाडवांना एकतारी पाक लागतो आणि लग्नाला बावीस वर्षे होऊन गेली तरी तो मला साधलेला नाही. साखर विरघळली, पातेल्यात उकळी फुटली, की माझा हात लगेच रव्याच्या परातीकडे वळतो. मागून सासूबाई विचारतात, "अगं, तार बघितलीस का?" मी चमच्यावरचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून बोटे फाकवते. तार येते न येते तोच तुटते. "थांब जरा," त्या म्हणतात. मी थांबते, म्हणजे गॅस मोठा करते. मग पाक एकतारीचा दोनतारी केव्हा झाला ते कळत नाही, आणि लाडू असे होतात की पाहुण्यांपुढे फराळाच्या ताटाबरोबर अडकित्ताही ठेवावा.

"साखरेला तुझ्या शाळेचं टाइमटेबल माहीत नसतं," असे सासूबाई एकदा म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण ते वाक्य माझ्या मनात बसले. कारण घाई हा माझा स्वभावच आहे, आणि त्या घाईपायी मी एका मुलाचे जे केले ते लाडवांसारखे फोडून खाता येण्याजोगे नाही. त्याचीच गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना थोडे पदार्थविज्ञान येईल. वाचकांनी घाबरून पान उलटू नये. मला ते जेवढे समजले आहे तेवढे कुणालाही समजेल.

माझे शिक्षण सांगण्यासारखे नाही. दहावी झाले, सासूबाई अजून त्याला मॅट्रिकच म्हणतात, आणि चित्रकला शिक्षकाचा कोर्स करून कोल्हापूरजवळच्या एका गावातल्या शाळेत लागले. कादंबऱ्याही लिहिते, पण ही गोष्ट शाळेत कुणी फारशी मनावर घेत नाही. चित्रकलेच्या बाईंचा खरा उपयोग ऑफ तासाला. इतिहासाचे सर रजेवर, पाठवा बाईंना. विज्ञानाचे सर निवडणुकीच्या कामावर, पाठवा बाईंना. २००६ सालच्या हिवाळ्यात असेच मला नववीच्या विज्ञानाच्या तासाला पाठवले. मुलांना नुसते गप्प बसवण्यापेक्षा काहीतरी गंमत दाखवावी म्हणून मी तीन काचेचे पेले आणि तीन गोट्या घेऊन गेले. एका पेल्यात पाणी, दुसऱ्यात गोडेतेल, तिसऱ्यात काकवी. काकवी वर्गातल्याच एका मुलाने आदल्या दिवशी सांगितल्याप्रमाणे घरून आणली होती. त्याचे वडील दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते.

गोट्या सोडल्या. पाण्यातली टुक करून तळाला गेली. तेलातली जरा दमाने गेली. काकवीतली गोटी मात्र अशी निघाली, जणू तिला कुठेच जायचे नव्हते. मुले बाकांवर उभी राहून बघू लागली. ज्याने काकवी आणली होती त्यालाच मी विचारले, "सांग, ही इतकी हळू का जाते?"

तो उभा राहिला. हा मुलगा बोलायला फार वेळ घेई. तोतरा नव्हता, पण प्रश्न त्याच्या आत कुठेतरी खोल जाई आणि उत्तर तिथून चढून येई. बाकाच्या कडेला धरून तो उभा, ओठ किंचित हललेले, डोळे पेल्यावर. पाच सेकंद गेले, दहा गेले. वर्गात चुळबुळ सुरू झाली. आणि मी म्हणाले, "गोटी तळाला पोचली, पण याचं उत्तर अजून वाटेतच आहे. अरे, तूच काकवी आहेस की!"

वर्ग खदखदून हसला. मीही हसले. पाक साधत नाही, पण विनोद साधला असे वाटले. हसू ओसरत होते तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "गार हाय म्हणून, बाई." मला ते ऐकू आले. मी म्हणाले, "बस."

त्या दिवसापासून त्याचे नाव काकवी पडले. आधी वर्गात, मग शाळेत, मग गावात. दहावीच्या परीक्षेला तो बसला नाही.

त्याचे उत्तर बरोबर होते, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळले. काकवी, तेल, मध, पाणी, सगळे द्रव गार असताना अधिक अडून वाहतात आणि तापले की सैल होतात. शून्य अंशाचे पाणी उकळत्या पाण्याच्या सहापटीहूनही अधिक अडते, मग काकवीचे काय सांगावे! गुऱ्हाळावर रात्री काढणाऱ्या मुलाने ते रोज डोळ्यांनी पाहिले होते. काहिलीत नाचणारा रस सकाळी डब्यात कसा आळसावतो, हे त्याला माझ्याहून चांगले ठाऊक होते. मी फक्त तीन पेले मांडले होते.

पुस्तकात या गुणाला श्यानता म्हणतात. घरात आपण दाटपणा म्हणतो, चिकटपणा म्हणतो. पण दोन्ही शब्द थोडे चुकतात. दाट म्हणजे जड नव्हे. गोडेतेल पाण्याहून हलके, पाण्यावर तरंगते, तरी पाण्यापेक्षा कितीतरी सावकाश ओघळते. श्यानता म्हणजे द्रवाच्या पोटातले घर्षण. द्रव वाहतो तेव्हा त्याचे पातळ पातळ थर एकमेकांवरून सरकत असतात, पत्त्यांचा जोड हाताने तिरका करावा तसे. जो थर पुढे जातो त्याला मागचा ओढून धरतो, आणि मागच्याला पुढचा खेचतो. न्यूटनने १६८७ साली छापलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात हा विचार मांडला. दोन थर ज्या वेगाने एकमेकांपासून दूर सरकतात त्या वेगाच्या प्रमाणात हा विरोध असतो, असे त्याने धरले. बिचाऱ्याला पाकाशी काही कर्तव्य नव्हते. ग्रह एखाद्या द्रवाच्या भोवऱ्यात सापडून सूर्याभोवती फिरत असतील काय, हे त्याला तपासायचे होते. ते फिरत नाहीत असे ठरले, पण आमच्या पातेल्यातली गोष्ट त्याने सांगून ठेवली.

यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. जो थर भांड्याच्या भिंतीला लागून असतो तो हलतच नाही. दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसताना दरवर्षी नवल वाटायचे, की चार महिने गरागरा फिरणाऱ्या पात्यावर एवढी धूळ बसते कशी? एवढ्या वाऱ्याने ती उडून का जात नाही? आता कळते की पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरत असते. धुळीच्या बारीक कणाला वारा असा लागतच नाही. तो आपला घरात बसल्यासारखा निवांत. पंचगंगेच्या घाटावर उभे राहून पाहा. मधल्या धारेतला ओंडका दिसेनासा होतो, आणि काठाशी पडलेले पान तिथेच घुटमळत असते. नदी एकच, पाणी एकच.

आणखी एक गोष्ट. साफसफाईतच कपाट ढकलून पाहा. ठरावीक जोर लागेपर्यंत ते जागचे हलत नाही. मग एकदम सरकते आणि फरशीवर चरा उठतो. घन वस्तूचा विरोध असा असतो, आधी ठाम नकार आणि मग शरणागती. द्रवाचे तसे नाही. तळ्यात तरंगणारी भली मोठी होडी एका बोटाने ढकलली तरी हलते, सावकाश का होईना. काकवीचेही तसेच. तिला कितीही हलका रेटा द्या, ती नाही म्हणत नाही. तिचा विरोध आहे तो वेगाला. तुम्ही दुप्पट घाई केलीत तर ती दुप्पट अडते. तुम्ही थांबलात की तिचा विरोधही थांबतो. मनात काही धरून ठेवत नाही.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. वर्गात तो मुलगा उत्तर द्यायला नकार देत नव्हता. त्याचा विरोध माझ्या घाईला होता, आणि तोही त्याच्या नकळत. विरोध म्हटला की आपण हट्ट समजतो, हट्ट म्हटला की मोडायला धावतो. आईबाप, मास्तर, सासू, सून, साहेब, सगळे धावतात. पण ज्याला आपण हट्ट म्हणतो त्यातला किती भाग समोरच्याचा नकार आणि किती भाग आपलाच वेग, हे कोण मोजून बघतो?

मोजून बघणारे एक गृहस्थ होते, तेही शिक्षकच. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल म्हणून पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२७ साली थोडे डांबर तापवून काचेच्या नरसाळ्यात ओतले, तीन वर्षे निवू दिले आणि १९३० साली नरसाळ्याची नळी खालून कापली. विद्यार्थ्यांना दाखवायचे होते ते एवढेच, की हातोडी मारली तर काचेसारखे फुटणारे हे डांबर खरे म्हणजे द्रव आहे. पहिला थेंब पडायला १९३८ साल उजाडले. दुसरा पडला १९४७ साली. पुढच्या वर्षी पार्नेल वारले. दोन्ही थेंब पडताना त्यांना दिसले नाहीत.

१९६१ पासून जॉन मेनस्टोन यांनी ते नरसाळे सांभाळले. १९७९ साली थेंब पडायला आला असताना ते सुटीच्या दिवशी घरी गेले, आणि थेंब पडला. १९८८ साली समोर बसून होते. पाच मिनिटे काहीतरी प्यायला बाहेर गेले, आणि थेंब पडला. २००० साली कॅमेरा लावून ठेवला होता. नेमका तोच बिघडला. बावन्न वर्षे राखण करून २०१३ साली ते गेले, पडता थेंब न पाहताच. त्याच वर्षीच्या जुलैत डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या तशाच एका नरसाळ्यातून पडलेला थेंब मात्र कॅमेऱ्याने टिपला. ब्रिस्बेनच्या डांबराची श्यानता मोजली तेव्हा ती पाण्याच्या सुमारे २३,००० कोटी पट भरली.

मी हे मेनस्टोन यांचे हसे करायला सांगत नाही. मला त्यांच्याविषयी फार जवळीक वाटते. मास्तरकी म्हणजे दुसरे काय असते? पस्तीस वर्षे नरसाळ्यासमोर बसायचे, आणि नेमका थेंब पडताना चहाला गेलेले असायचे. मुलाच्या डोक्यात एखादी गोष्ट उतरते ती कधी उन्हाळ्याच्या सुटीत, कधी शाळा सोडल्यावर दहा वर्षांनी, एखाद्या एस. टी.च्या खिडकीशी. आपल्याला पत्ताही नसतो.

हा दृष्टांत मला इतका आवडला की एका शिक्षकदिनाला मी त्यावर भाषण ठोकले. सावकाश चाला, मुलांना वेळ द्या, समाजालाही वेळ द्या, डांबरसुद्धा वाहते वगैरे. टाळ्या पडल्या. नंतर शिक्षकांच्या खोलीत डबा खाताना मराठीच्या बाई शेजारी येऊन बसल्या. त्या महाडकडच्या. भाजीचा घास मोडत त्यांनी शांतपणे विचारले, "डांबर कोणत्या साली ओतलं म्हणालात?"

"१९२७."

"त्याच साली आमच्या गावात काय झालं ठाऊक आहे ना?"

ठाऊक होते, पण दोन्ही साले मी शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करण्याचा ठराव केला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले, कागदावर. तळ्याच्या पायऱ्यांवर काही हलले नाही. मधली धार पुढे गेली, काठचा थर जागच्या जागी. शेवटी २० मार्च १९२७ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्या माणसांना मारहाण झाली आणि तळ्याची शुद्धी करण्यात आली. मग कज्जा सुरू झाला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल यावे लागले. ब्रिस्बेनला पहिला थेंब पडला त्याच्या आदल्याच साली!

"तुमचं डांबर थांबू शकतं," बाई म्हणाल्या. "डांबराला तहान लागत नाही."

डबा झाकून त्या तासाला निघून गेल्या. मला त्या दिवशी पुढचे जेवण गेले नाही.

त्या एका वाक्याने माझ्या दृष्टांताचे दोन तुकडे झाले, आणि ते दोन तुकडेच होते हे मला त्यापूर्वी दिसले नव्हते. समोरचा सावकाश आहे म्हणून मी थांबते, हा एक संयम. समोरचा तहानलेला आहे आणि मी त्याला थांब म्हणते, हा दुसरा. दोघांचे नाव एकच, म्हणून आपण फसतो. पहिल्यात माझी घाई मी गिळते. दुसऱ्यात त्याची तहान त्याला गिळायला लावते. "समाज हळूहळू बदलतो" हे वाक्य मी आजवर ज्यांच्या तोंडून ऐकले, त्यांतल्या बहुतेकांच्या घरी पाण्याचा नळ होता. माझ्याही घरी आहे.

मग यातून वाट काय? मला ती सापडली असे मी म्हणणार नाही. पण एका फ्रेंच डॉक्टरांनी मला थोडा उजेड दाखवला. प्वाझेय त्यांचे नाव. माणसाच्या अंगातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते याचे त्यांना कुतूहल होते, म्हणून १८३८ च्या सुमारास त्यांनी केसासारख्या बारीक काचेच्या नळ्यांतून पाणी सोडून बारकाईने मोजमापे घेतली. पुढे श्यानतेच्या एककाला त्यांच्याच नावावरून 'पॉइज' म्हणू लागले. त्यांना असे आढळले, की दाब तोच, नळीची लांबी तीच, द्रवही तोच, पण नळीची त्रिज्या निम्मी केली तर वाहून येणारा द्रव निम्मा होत नाही, पावही होत नाही. तो सोळाव्या हिश्शावर येतो. प्रथम हे खोटेच वाटते. पण भिंतीला चिकटलेला थर हलत नाही हे आठवले म्हणजे पटते. नळी अरुंद झाली की भिंती जवळ येतात, आणि मधल्या धारेलाही मोकळे राहू देत नाहीत. हृदयाच्या रक्तवाहिन्या थोड्याशा आकसल्या तरी डॉक्टर गंभीर का होतात, ते यावरून कळावे.

म्हणजे बाहेर थेंब थेंब पडताना दिसले, तर द्रव दाट आहे असेच समजण्याचे कारण नाही. नळी अरुंद असेल. आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते!

त्या मुलाच्या बाबतीत नळीची चौकशी मी कधी केलीच नव्हती. नंतर केली. हंगाम सुरू झाला की तो रात्री वडिलांबरोबर गुऱ्हाळावर असे. चुलाणात चिपाडे सारायचे काम त्याच्याकडे. पहाटेचे आधण उतरले की तिथेच पोत्यावर तासभर झोपून तो शाळेत येई. माझ्या वर्गात बाकाला धरून तो उभा होता तेव्हा तो विचार करत होता की झोपेशी झगडत होता, कोण जाणे. बहुधा दोन्ही. आणि तरी उत्तर बरोबर आले होते. मला नळी रुंद करता आली असती असे नाही. त्याच्या घरची चूल मी पेटवणार नव्हते. पण दहा सेकंद माझ्या हातात होते, आणि ते मी दिले नाहीत.

महाडचेही असेच पाहता येईल. तिथे अरुंद नळी कुणी मुद्दाम बांधली होती, आणि वर पाणीच दाट आहे असे सांगत होते. अशा नळीपुढे राखण करत बसणे म्हणजे संयम नव्हे. ती फोडावी लागते.

कुणी म्हणेल, बाई, एवढा त्रास देणारा हा विरोध जगात नसता तर? तीही हौस निसर्गाने करून पाहिली आहे. हेलियम वायू गार करत करत शून्याखाली २७१ अंशांपर्यंत नेला, की त्याचा असा द्रव होतो ज्यात आतले घर्षण उरत नाही. १९३८ साली मॉस्कोत कापित्सा आणि केंब्रिजमध्ये ॲलन व मिसनर यांनी हे जाहीर केले. हा द्रव पेल्यात राहत नाही. पेल्याच्या भिंतीवरून पातळ पापुद्र्यासारखा वर चढतो, काठ ओलांडतो आणि बाहेरून ठिबकून रिकामा होतो. कशालाच न अडणारे ते कुठेच टिकत नाही. आपल्याकडेही अशी माणसे असतात. सगळ्यांशी त्यांचे जमते, आणि वेळेला त्यांच्यातले ओंजळभरही आपल्या हाती राहत नाही. आभाळातले ढगदेखील हवेच्या अडण्यामुळेच तरंगतात. ढगातला बारीक थेंब सेकंदाला जेमतेम एखादा सेंटिमीटर खाली येतो. हवा अडली नसती तर ढग ही वस्तूच आपल्याला दिसली नसती, आणि माझ्या वर्गातल्या मुलांना निसर्गचित्रात काढायला फक्त दोन डोंगर आणि मधला सूर्य उरला असता.

हवेचा आणखी एक गुण जाता जाता सांगते, कारण ऊब दिली की सगळे सैल होतात असा उपदेश करणाऱ्यांना तो अडचणीचा आहे. द्रव तापला की सैल होतो, पण हवा तापली की अधिकच अडते. मॅक्सवेलने हे १८६० नंतरच्या काही वर्षांत लंडनच्या आपल्या राहत्या घरी प्रयोग करून पाहिले. खोलीचा उष्मा हवा तसा राखण्यासाठी त्याची पत्नी कॅथरीन विस्तव सांभाळत बसे. विस्तव सांभाळणाऱ्या बायकांना पदार्थाचा स्वभाव आधी कळतो, असे माझे मत आहे. माझा अपवाद सोडून.

गेल्या हिवाळ्यात आठवीच्या मुलांना रेखाटने करायला मी गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर घेऊन गेले. तिथे कोण आहे हे मला माहीत होते. अठरा वर्षे मी त्या रस्त्याने जाण्याचे टाळत होते असे म्हटले तरी चालेल. काहिलीपाशी तो उभा होता. आता वडिलांच्या जागी तोच गुळव्या. मुलांनी पाट्या मांडीवर घेतल्या आणि चित्रे सोडून त्याच्याकडेच बघत बसली. तो एक शब्द न बोलता डावाने रस उचलून वरून सोडायचा. आधी धार तुटून थेंब पडत होते. मग थेंबाच्या मागे बारीक तार येऊ लागली. "ही काकवी," तो म्हणाला. आणखी काही वेळाने त्याने थोडा रस गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली आणि एका मुलीच्या हातावर ठेवली. "ह्यो गूळ." पुस्तकात काकवीला सुमारे १०५ अंश आणि गुळाला सुमारे ११८ अंश लिहिलेले असतात. त्याच्याजवळ तापमापक नव्हते.

एका मुलाने कडेला ठेवलेली बाटली उलटी करून पाहिली. "ही काकवी एवढी घट्ट का? तिथली तर पळतीय."

तो थांबला. नेहमीसारखाच थांबला. माझ्या छातीत धडधडू लागले.

"गार हाय म्हणून," तो म्हणाला.

त्याने माझ्याकडे पाहिले का, ते मी सांगू शकत नाही. वाफ फार होती.

मुले चरकाकडे गेली तेव्हा मी त्याच्याजवळ गेले. "तुला आठवतं का," मी सुरुवात केली, "नववीत असताना एकदा ऑफ तासाला मी..."

"कुठला तास, बाई?" तो म्हणाला.

पुढचे शब्द मला सुचले नाहीत. खरोखरच विसरला होता की मला सोडवत होता, ते मला आजही ठरवता येत नाही. मी दोन बाटल्या काकवी विकत घेतली. पुढच्या वेळी आधी फोन करून येते म्हणून नंबर मागितला. नंबर सांगून तो म्हणाला, "काकवी म्हणून टाका. समदे तेच टाकत्यात."

मी त्याचे खरे नाव लिहिले, हजेरीपटावर असायचे तसे, वडिलांच्या नावासह. लिहून मोबाइल त्याच्यापुढे धरला. हात धोतराला पुसून त्याने तो घेतला आणि अक्षर अक्षर लावत वाचू लागला. मी उभी राहिले. या वेळी मी काही बोलले नाही. बराच वेळ गेला. मग त्याने नावातल्या एका ऊकारावर बोट ठेवले. तो मी ऱ्हस्व काढला होता.

"ह्यो लांब हाय, बाई."

मी दुरुस्त करत होते, तेवढ्यात काहिलीकडून कुणीतरी ओरडले, "काकवी, आरं ए काकवी, आधण आलं!"

"आलो," म्हणून तो पळत सुटला.